कॅरॅव्हॅन ओढायला कुठला पिकअप घ्यावा? आधी काट्यावर जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला राहता, घरात दोघं मोठी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. एका फॅब्रिकेटरकडून पाच मीटर लांबीची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बनवून घेताय. तो म्हणतो, "बाराशे किलोच्या आत बसेल." ती ओढायला इसुझू व्ही-क्रॉस घ्यावा की टोयोटा हायलक्स, आणि दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला घाटातून हंपीला जाता येईल का? बोटींचे ट्रेलर ओढणं आणि गाड्यांना टो-हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांगाडा) बसवणं हाच माझा धंदा, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

ओढायचं म्हणाल तर दोन्ही गाड्या ओढतील. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं. हायलक्सचं २.८ लिटरचं २०४ पीएस देतं आणि त्याचा टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२०, ऑटोमॅटिकमध्ये ५०० आहे. सपाट रस्त्यावर हजार-बाराशे किलोला एवढं पुरून उरतं. म्हापशाच्या बाजारात रोज माल टाकणारा बोलेरो पिकअपवालाही तुमची कॅरॅव्हॅन पणजीपर्यंत ओढून नेईल. म्हणून शोरूममध्ये पॉवर आणि टॉर्कची जुगलबंदी सुरू झाली की चहा घ्या आणि मान डोलवा, पण निर्णय त्यावर घेऊ नका.

निर्णय पेलोडवर घ्या. पेलोड म्हणजे गाडीचं कमाल एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. हे दोन आकडे ती गाडी, तेच मॉडेल, तोच व्हेरियंट बघून तिच्या पाटीवरून आणि मॅन्युअलमधून उतरवून घ्या. ४x४ आणि ४x२, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांत फरक पडतो, त्यामुळे कॅटलॉगमधला ढोबळ आकडा चालत नाही.

पेलोडवर एवढा जोर का, तर ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. त्यातला काही भाग ट्रेलरच्या नाकातून, म्हणजे पुढच्या टोकातून, गाडीच्या हिचवरच्या गोळ्यावर टेकलेला असतो. अमेरिकेत हा भाग ट्रेलरच्या १० ते १५ टक्के ठेवतात, ब्रिटनमध्ये लहान आणि हलक्या कॅरॅव्हॅनना ५ ते ७ टक्के. आपल्या रस्त्यांवर, पिकअपच्या मागे, मी १० टक्क्यांच्या खाली जात नाही. बाराशे किलोचा ट्रेलर म्हणजे गोळ्यावर १२० किलो आणि ते गाडीच्या पेलोडमधूनच वजा होतात. लोक इथेच फसतात. पिकअप आहे, मागे एवढा हौदा आहे, वजनाचं काय घेऊन बसलात, असं त्यांना वाटतं.

हिशेब करून दाखवतो. उदाहरणापुरता पेलोड ५०० किलो धरू. तुम्ही चौघं मिळून २३० ते २४०. हौद्यावर फायबरचं झाकण बसवलंत की साधारण ६०. हिचचा सांगाडा, गोळा, बोल्ट धरून ३०. हौद्यात खुर्च्या, ताडपत्री, जॅक, पाण्याचा कॅन, मुलांची सायकल: ६० तरी धरा. झाले ३९०. उरले ११०. दहा टक्क्यांच्या हिशेबाने ११० किलोच्या नाकामागे अकराशे किलोचा ट्रेलर, त्याहून एक किलो जास्त नाही. बारा टक्के धरलं तर नऊशेच्या आसपास. आता फॅब्रिकेटरच्या "बाराशेच्या आत"कडे पुन्हा बघा.

परदेशातले आकडे बघून पुष्कळ जण भुलतात. ऑस्ट्रेलियात २.८ लिटरच्या ४x४ हायलक्सला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३५०० किलोची क्षमता दिलेली आहे आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी फक्त ७५०. (हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही, लक्षात मात्र तोच ठेवायचा.) तिथली गाडी, तिथली हिच, तिथला कायदा. इथे विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी कंपनी किती ओढायला परवानगी देते ते डीलरकडून लेखी घ्या. तोंडी "काही होत नाही साहेब" हे विमा कंपनीसमोर चालत नाही. अमेरिकेतल्या फुल-साइझ पिकअपचे पाच-सहा टनांचे आकडेही असेच. तिथे एसएई जे२८०७ नावाची ठरलेली चाचणी आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ भर उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण सोडून चढवतात. चाचणी कडक आहे, पण गाडीत फक्त चालक आणि शेजारी एक माणूस धरलेला असतो. मागच्या सीटवर मुलं बसली, हौदा भरला, की तो आकडा खाली येतो. तिथलेही अर्धे लोक हे विसरतात.

आता ट्रेलरचं खरं वजन. फॅब्रिकेटर सांगतो ते वजन चासी, पत्रा आणि पलंग एवढ्याचंच असतं आणि तेही अंदाजाने. १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा ८ बाय ४ फुटांचा एक ताव साधारण ३५ किलोचा. तुमच्या कॅरॅव्हॅनमध्ये कपाटं, पलंग, ओटा धरून असे किती ताव जाणार, ते त्यालाच मोजायला सांगा. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅस सिलिंडर भरलेला असताना तीसच्या आसपास. १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नासच्या वर. लिथियम फॉस्फेटची घेतलीत तर बरंच वाचतं आणि या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे खर्च करायला सांगेन. वर एसी, इन्व्हर्टर, गाद्या, भांडी. मडगावच्या एका गिऱ्हाइकाची "बाराशेची" कॅरॅव्हॅन मी काट्यावर उभी केली होती. आत अजून गाद्याही पडल्या नव्हत्या, तरी काटा सोळाशेच्या पुढे. फॅब्रिकेटर म्हणे, काटा खराब असेल. दुसऱ्या काट्यावर नेली, तिथेही तेच.

काट्यांची आपल्याकडे कमतरता नाही. डिचोली, साखळी, कुडचडे या पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांमुळे वजनकाटे झाले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तरी जवळपास विचारलंत तर चालू काटा सापडतो. पहिल्यांदा एकटा ट्रेलर, टाकी आणि सिलिंडर भरून, गोळ्यावरून सोडवून तोला. मग बायको-मुलांसकट, हौदा भरून एकटी गाडी. शेवटी दोन्ही जोडून, पण एकेक ॲक्सल काट्यावर घेऊन. जोडल्यावर पुढच्या चाकांवरचं वजन किती कमी झालं ते मुद्दाम बघा. नाकावर जास्त भार आला की मागचे पाटे बसतात, तोंड वर उचलतं, स्टिअरिंग हलकं होतं, रात्री समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो आणि पावसात पुढची चाकं पकड सोडतात.

नाकावरचं वजन घरीही मोजता येतं. न्हाणीघरातला वजनाचा काटा दीडशेपर्यंतच दाखवतो, म्हणून थेट त्यावर टेकवू नका. एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. आडव्या सळीचे दोन तुकडे दोन्ही टोकांखाली ठेवलेत की टेकण नेमकं होतं. त्या दोन सळ्यांमधलं अंतर समजा ९० सेंटिमीटर. विटेकडच्या सळीपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरचं नाक टेकवा. काटा दाखवेल त्याला तीनने गुणा. आधी नुसत्या फळीचं वजन किती दाखवतो ते वजा करायला विसरू नका. जमीन सपाट हवी आणि नाक साधारण गोळ्याच्याच उंचीला हवं, नाहीतर आकडा खोटा येतो. नाक हलकं निघालं तर जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे सरकवा. बॅटरी आणि पाण्याची टाकी कुठे बसवायची हे कॅरॅव्हॅन बनण्याआधीच ठरतं, म्हणून हे सगळं आत्ता सांगतोय.

नाक हलकं ठेवून पेलोड वाचवू, असा विचार बरेच जण करतात. तो सगळ्यात धोक्याचा. मागे जड असलेला ट्रेलर वेग वाढला की डोलायला लागतो. जुवारीच्या नव्या पुलावर बाजूने वारा आला, किंवा शेजारून बस वेगात गेली, की आधी एक हलका झोका, मग त्याहून मोठा, आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला ट्रेलर गाडीला चालवतो. तेव्हा हात स्टिअरिंगवर सरळ घट्ट, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झोका मारायला जायचं नाही. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर केबिनमधल्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा. मागून ओढ बसते आणि जोडी सरळ होते. व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) या दोन गाड्यांत फारसा फरक नाही, दोन्ही ३.१ मीटरच्या आसपास. लांब व्हीलबेस आणि चासीवर उभी गाडी, म्हणून एसयूव्हीपेक्षा पिकअप बरा, इतकंच.

आता घाट, आणि खरं तर तुमचा सगळा प्रश्न इथेच येतो. आपण गोंयकार समुद्राकाठी राहतो, म्हणजे पूर्वेला कुठेही जायचं तर जाताना चढ आणि येताना उतार. चढ सकाळी, ताज्या डोक्याने होतो. उतार सुट्टी संपल्यावर होतो, दिवसभर गाडी हाकून, संध्याकाळी, मुलं कंटाळलेली असताना. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीला येईपर्यंत आपण पाचशे मीटरहून जास्त खाली उतरतो. दीड टनाच्या ट्रेलरची तेवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते, तिच्यात वीस लिटरहून जास्त पाणी उकळेल. ती सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. इंजिनमध्ये गेली नाही तर ब्रेकच्या लायनरमध्ये जाते. आपल्या दोन्ही पिकअपना मागे ड्रम ब्रेक आहेत. ते तापले की पेडल घट्ट लागलं तरी गाडी थांबत नाही. जळक्या लायनरचा तो आंबट-कडू वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. करमल घाटात उतारावर थांबलेल्या एका ट्रेलरजवळ मी गेलो होतो. तो बिनब्रेकचा होता आणि गाडीच्या मागच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र करून उडत होते. गार पाणी तापल्या ड्रमवर ओतू नये, तडकतो. त्यांना तासभर सावलीत बसवलं.

म्हणून माझी अट: कॅरॅव्हॅनला स्वतःचे ब्रेक नसतील तर गाडी कुठली हा विचारच करू नका. आपल्या शेतातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, म्हणून फॅब्रिकेटरला ते चैनीचं वाटतं. ओव्हररन ब्रेक साधे असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, नाकातला दांडा दबतो आणि ब्रेक लागतो. वायरिंग लागत नाही. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच राहतो, म्हणजे ते ब्रेक सतत घासत राहतात. इलेक्ट्रिक ब्रेकला कंट्रोलर आणि नीट वायरिंग हवं, पण तुमच्या प्रवासासाठी मी तेच सांगेन. सोबत ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर केबल ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतो. आणि दोन साखळ्या, नाकाखाली एकमेकींना ओलांडून लावलेल्या, म्हणजे नाक रस्त्यावर न पडता साखळ्यांवर झेलतं.

उतारावर चालवायचा नियम जुने ट्रकवाले सांगतात तोच: ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. वळणाच्या आधीच वेग कमी करा. ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नुसता टेकवून धरू नका. ४x४ आहे म्हणून कोरड्या डांबरावर ट्रान्स्फर केस ४एलमध्ये (चारही चाकं ओढणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून नागमोडी वळणं घेऊ नका. पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि गिअर अडकून बसतात. ४एल ओल्या चिखलात, बोटीच्या रॅम्पवर, किंवा चढावर रिव्हर्स घेताना. क्लच जळण्याची शक्यता त्याच वेळी सगळ्यात जास्त, म्हणून ऑटोमॅटिक मला बरी वाटते. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक इंचाइंचाने मागे सरकते, मॅन्युअलमध्ये नवखा माणूस अर्ध्या तासात क्लच प्लेट संपवतो.

हिचबद्दल एवढंच: बंपरला वेल्ड केलेला हुक नको. चासीच्या दोन्ही रेलना, ८.८ ग्रेडचे बोल्ट टॉर्क रेंचने कसून बसवलेला सांगाडा हवा. गोळा ५० मिलिमीटरचा असेल तर ट्रेलरचा कपलरही (गोळ्यावर बसणारी पकड) ५० चाच. दोन इंचाचा गोळा ५०.८ मिलिमीटरचा, डोळ्याला फरक दिसत नाही, पण एकात घट्ट होतो आणि दुसऱ्यात खुळखुळतो. गॅरेजवाला "मागे दोन पाटे वाढवतो, मग कितीही घाला" म्हणाला तर हसून निघून या. पाटे वाढवल्याने गाडीचं बूड वर येतं, पेलोड वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे तेच राहतात.

कागदपत्रांचं थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी गाडीसारखीच वेगळी होते आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. मूळ बनावटीत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत. त्यामुळे फॅब्रिकेटरला पहिला हप्ता देण्याआधी आरटीओत जाऊन याची नोंदणी कशी होईल ते विचारा आणि विमा कंपनीला हिच बसवतोय हे लेखी कळवा. नोंदणी न होणारी कॅरॅव्हॅन म्हणजे अंगणातली महागडी खोली. गोव्यात राहण्याबद्दलही लक्षात असू द्या: किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे आणि २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. कॅरॅव्हॅनचा ओटा आतच वापरा.

मग गाडी कुठली? कॅरॅव्हॅन सगळं सामान भरून काट्यावर अकराशेच्या आत आली आणि तिला ब्रेक असले, तर व्ही-क्रॉस ४x४ पुरेल. उरलेले पैसे लिथियम बॅटरी आणि इलेक्ट्रिक ब्रेकला लावा. बारा ते चौदाशे असेल तर हायलक्स ऑटोमॅटिक, तीही पेलोडचा हिशेब बसला आणि कंपनीने लेखी दिलं तरच. सोळाशेच्या पुढे गेली तर गाडी बदलू नका, कॅरॅव्हॅन बदला. खरं विचाराल तर चार मीटरची करा. मुलं आणखी पाच-सहा वर्षांनी तुमच्याबरोबर कॅरॅव्हॅनमध्ये झोपणार नाहीत, त्यांना बाहेर तंबू हवा असेल.

लांबीचाही विचार करा. गाडी ५.३ मीटरची, कॅरॅव्हॅन पाच, मध्ये नाकाचा दांडा. म्हणजे कदंबच्या मोठ्या बसएवढी लांबी, फरक इतकाच की ही मधून मोडते. तुमच्या वाड्यातल्या चिरेबंदी कुंपणांमधून ती वळेल का, आंब्याच्या फांद्या आणि केबलवाल्यांच्या तारा तिच्या छतापेक्षा वर आहेत का, हे टेप घेऊन आधी मोजा. फेरीबोटीत चढवायला जाऊ नका, रॅम्पच्या तोंडाशी मागचा भाग घासतो. आरसे कॅरॅव्हॅनच्या रुंदीपलीकडे पोचतील असे जोडून घ्या.

हंपीला चोर्ल्यातून नको, निदान पहिल्या वर्षी नको. रस्ता अरुंद आहे, वळणं एकामागून एक, धुकं उतरलं की कठडा दिसत नाही, आणि समोरून ट्रक आला तर तुम्हाला मागे घ्यावं लागेल. जायचंच तर मोले-अनमोडवरून, पुढे लोंढा, धारवाड, हुबळी, गदग, कोप्पळ करत होस्पेट. अनमोडला ट्रकांची रांग असते, तिच्या मागे गपचूप राहा, तुम्हाला तोच वेग हवाय. पण पावसाळ्यानंतर घाट कुठे खचला नाही ना, ते निघण्याआधी विचारा.

दिवाळीला मात्र मी हंपी ठेवणारच नाही. आधी दोन-तीन रविवार एखाद्या रिकाम्या मैदानावर रिव्हर्सचा सराव करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा, हळूहळू आणि थोडं थोडं. बायकोलाही शिकवा; दोघांना यायला हवं. मग पहिली सहल पत्रादेवीवरून सावंतवाडी, कुडाळ, मालवण. चढउतार आहेत, पण घाट नाही. वेग साठच्या वर नेऊ नका: ऐंशीला थांबायला साठपेक्षा पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. पहिल्या वीस किलोमीटरवर थांबून चाकाच्या चकत्यांना हात लावून बघा, एक दुसरीपेक्षा गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक किंवा बेअरिंग घासतंय. आणि मालवणात जिथे उतरणार तिथे आधी फोन करून विचारा, की अकरा मीटर लांब जोडी फाटकातून आत येऊन वळून बाहेर निघेल का. "होय, ट्रक येतो आमच्याकडे" असं उत्तर आलं तर कुठला ट्रक, तेही विचारा.